बिनपाटीचे झाड

जळगावच्या एका दैनिकात काही वर्षे मी शेतीचे पान सांभाळत होतो. पान आठवड्यातून एकदा निघे. शेतीची माहिती असणे ही त्या कामाची अट नव्हती. मजकूर वेळेवर देणे ही होती. मी शेतकऱ्याच्या घरचा नाही. ज्वारीचे आणि मक्याचे कोवळे पीक दुरून वेगळे ओळखायला मला दोन हंगाम लागले.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षे होती. दिवाळीनंतर पानाकडे येणाऱ्या पोस्टकार्डांत दर वर्षी एक तक्रार असे. उभा हरभरा वाळतो आहे. पाणी कमी पडलेले नाही, कीड दिसत नाही. काल हिरवे असलेले झाड आज मान टाकते आणि आठवड्यात काडी होते. गाव बदले, अक्षर बदले, तक्रार तीच. या रोगाला मर म्हणतात. त्याची बुरशी जमिनीत राहते आणि मुळातून झाडात शिरते. हरभरा पेरला नाही तरी ती वर्षानुवर्षे मातीत टिकून असते. एवढे मला कार्डांना उत्तरे देता देता पाठ झाले होते.

त्या जानेवारीत एका संशोधन शेतावरच्या अधिकाऱ्यांचा निरोप आला. मरला दाद न देणारे नवे वाण तयार आहे, येऊन बघा आणि लिहा. शेत चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. मी ऑफिसचा कॅमेरा घेतला आणि एसटीने सकाळी नऊच्या सुमारास पोचलो. अधिकारी नव्हते. त्यांना आदल्या दिवशी धुळ्याला बैठकीसाठी बोलावले होते. मला शेत दाखवायचे काम त्यांनी सहायकावर सोपवले होते.

सहायक चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस होता. पदविका घेऊन नोकरीला लागलेला. या शेतावर त्याची अकरा वर्षे झाली होती. सगळे त्याला भाऊ म्हणत. मजूर आपसात अहिराणी बोलत, तो त्यांच्याशीही पुस्तकी मराठीच बोले. त्याचे गाव साक्रीकडचे, घरी अहिराणीच होती. पण शेतावर त्याच्या तोंडून ती मी ऐकली नाही, एक वेळ सोडून.

दुसरा माणूस मुकादम. साठीच्या जवळ आलेला, पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला. त्यांना नाना म्हणत. फाटकातच त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला.

"पेपरवाला साहेब, फोटो काढशात ते त्या मरेल वाफाना नका काढू. लोके म्हनतीन, सरकारले शेती येत नही."

"नाना, तुम्ही चहाचं बघा," सहायक म्हणाला.

"चहाना काय शे, तो व्हई. पन पाहुना वावरम्हा उना नि कोरडा गया, असं मना हातखाल व्हयेल नही."

ज्या वाफ्याबद्दल नाना बोलत होते, तो शेताच्या मागच्या कडेला होता. चारही बाजूंनी बांध घातलेला होता, बाहेरचे पाणी आत येऊ नये आणि आतले बाहेर जाऊ नये म्हणून. खुरपणीच्या बाया त्याला मसनवटा म्हणत. आत ओळींमागून ओळी होत्या. दोन हिरव्या, मग एक वाळलेली. पुन्हा दोन हिरव्या, पुन्हा एक वाळलेली. काही हिरव्या ओळीही मधूनच विरळ झालेल्या होत्या.

"इथे आम्ही रोग पाळतो," सहायक म्हणाला. "गोठ्यात गाय पाळतात तसा. शेतकरी मेलेली झाडं उपटून जाळतो. आम्ही ती बारीक तोडून परत याच मातीत घालतो. पीक बदलायचं नाही, बियाण्याला औषध चोळायचं नाही. माती आजारी राहिली पाहिजे. ती बरी झाली तर परीक्षा कशाची घेणार?"

हिरव्या ओळी परीक्षेतल्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला पत्र्याची पाटी होती, पांढऱ्या रंगावर काळा आकडा. वाळलेल्या ओळी गावरान चाफा हरभऱ्याच्या. चाफा मरला लगेच बळी पडतो, म्हणून तो मुद्दाम मध्ये मध्ये पेरलेला असे. तो पूर्ण मेला, म्हणजे मातीत रोग सगळीकडे सारखा आहे, असा निष्कर्ष निघे. शेजारची ओळ मग खरोखर टिकली असे धरता येई. सहायक चाफ्याच्या ओळीला साक्षीची ओळ म्हणे. तिला पाटी नव्हती. साक्षीदाराला नंबर लागत नाही.

पाटीला या शेतावर फार महत्त्व होते. सहायकाने त्याचे कारण सांगितले. नाना या वाफ्यावर नवे होते, तेव्हा पहिल्याच हंगामात त्यांनी सगळी मेलेली झाडे उपटली, बांधाबाहेर ढीग केला आणि पेटवून दिला. चांगला शेतकरी जे करील ते त्यांनी केले होते. अधिकारी भडकले. नानांना त्या दिवशी दोन नियम सांगितले गेले. पाटी असेल त्याला हात लावायचा नाही. पाटी नसेल त्याची मोजणी नाही. नानांनी ते दोन्ही नियम पक्के धरले. मजूर बायांनी पाटीच्या ओळीतला एक घाटा, हरभऱ्याची एक शेंग, तोडला तरी ते दिवसभर बोलत.

हरभऱ्यातून चालताना विजार गुडघ्यापर्यंत ओली होते. दव आंबट असते, खरचटलेल्या जागी झोंबते. आम्ही वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला आलो, तेव्हा सहायक थांबला. आसपास कोणी नव्हते, तरी त्याने आवाज उतरवला.

"इकडे या. हे बघा, पण लिहू नका."

साक्षीच्या एका ओळीत, काड्या झालेल्या झाडांच्या मधोमध, एक झाड हिरवे होते. नुसते हिरवे नव्हते. आजूबाजूची मेल्यामुळे त्याला जागा भरपूर मिळाली होती आणि ते परडीसारखे चहूकडे पसरले होते. घाटे लगडलेले. त्यापासून दोन वितींवर तुरीची एक काडी तिरकी रोवलेली होती. पाटी नव्हती.

"हा चाफाच?" मी विचारले.

"चाफाच. माझ्या हातानं पेरलाय. अकरा वर्षांत या ओळींत घाटे भरेपर्यंत हिरवं राहिलेलं हे पहिलं झाड."

"म्हणजे याला मर लागत नाही?"

"ते आज नाही सांगता येत. एखादं झाड नुसतं निसटतं. मुळाची आणि बुरशीची गाठच पडत नाही. याचं बी पुढच्या वर्षी याच मातीत पेरायचं. लेकरं जगली तर खरं. मेली, तर हे निसटलेलं."

पाटी का लावली नाही, हेही त्याने सांगितले. पाटी लावायची तर रजिस्टरला नोंद करावी लागते. नोंद केली की साहेब विचारणार. साक्षीच्या ओळीत हिरवे दिसले की ते उपटून टाका, नाहीतर परीक्षा कच्ची दिसते, असे साहेबांचे म्हणणे. घाटे वाळायला अजून तीन आठवडे होते. बी हातात आल्यावर तो साहेबांना सांगणार होता. तोवर खूण म्हणून ती काडी. ती त्याच्याशिवाय कोणाला कळू नये अशी.

त्याला या झाडाचे एवढे का, हे मी विचारले नव्हते. परत येताना त्याने आपणहून सांगितले. साक्रीकडे त्याच्या वडिलांचे दोन एकर वावर होते. त्यात मर घुसून नऊ वर्षे झाली होती. तेव्हापासून त्या घरात हरभरा पिकला नव्हता, डाळ बाजारातून येत होती. नवे वाण त्याने घरी नेले होते. वडिलांनी ते ओंजळीत घेऊन पाहिले आणि परत पिशवीत ओतले. दाणा बारीक आहे, रंग काळपट आहे, याचे पिठले गावाला वाढता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. "आमचे आबा म्हणतात, तू सरकारात आहेस ना, मग चाफा जगव. तो जगला की घेऊन ये." आबांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

आम्ही ऑफिसच्या खोलीत आलो. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कपाटात रजिस्टरे होती. नव्या वाणाच्या नोंदी त्याने मला एकेक करून लिहून दिल्या. त्यात तासभर गेला. बाहेरून धुराचा वास आला. मग नानांची हाक आली.

शेडच्या पुढे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ विझत आला होता. नानांनी हुळा भाजला होता, त्यांच्या बोलीत हुया. हिरवी हरभऱ्याची झुडपे घाट्यांसकट विस्तवावर धरायची, फोलपटे जळून काळी झाली की आतला दाणा वाफेवर शिजलेला असतो. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर भाजलेले घाटे, मीठ आणि ठेचा ठेवला होता.

"बसा साहेब. पेपर तुमनाच शे," नाना म्हणाले. "आज पहिलांदा कामले उना."

सहायक हसला, मीही हसलो. आम्ही दोघे उकिडवे बसून खाऊ लागलो. दाणे मोठे आणि गोड होते. मी तसे म्हणालो. नाना खात नव्हते.

"माले दात कोठे शेत? तुम्ही खा. भाऊ, तुम्हीबी खा, उपाशी राहीसन रजिस्टर भरतस."

घाटे संपले. बोटे आणि ओठ काळे झाले. नानांनी एक डहाळी न भाजता बाजूला ठेवली होती, ती त्यांनी माझ्या खांद्यावरच्या शबनममध्ये खोचली. "घर लेकरे व्हतीन," ते म्हणाले. मला तेव्हा मूल नव्हते, पण नाही म्हणायची ती जागा नव्हती.

फोटो राहिला होता. मेलेली साक्षीची ओळ आणि तिच्या शेजारी जिवंत नवे वाण, असा फोटो पानाला चांगला दिसला असता. आम्ही दोघे पुन्हा वाफ्याकडे गेलो. कॅमेऱ्यातून पाहताना मला तुरीची काडी दिसली. तिच्या शेजारी झाड नव्हते. मुठीएवढा खड्डा होता आणि त्यातली माती अजून ओली होती.

सहायक खड्ड्याजवळ बसला. त्याने खड्ड्यात बोटे घातली, तुटलेले एक तंतुमूळ वर काढले, नखाने चिरून पाहिले आणि टाकून दिले. मग माझ्या हातांकडे पाहिले, आणि स्वतःच्या.

"पाटी नव्हती," तो म्हणाला.

काय झाले ते समजायला वेळ लागला नाही. नानांना पाहुण्यासाठी हिरवा हरभरा हवा होता. शेतावरच्या बाकीच्या सगळ्या हरभऱ्याला पाट्या होत्या. बिनपाटीचा हरभरा एकाच ठिकाणी होता, साक्षीच्या ओळींत, आणि त्यात हिरवे झाड एकच. शिवाय ते त्या शेतातले सर्वांत भरलेले होते, आणि पाहुण्याला चांगले ते द्यायचे असते. नानांच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती.

मी शबनममधून डहाळी काढून दिली. त्याने ती तळहातावर घेतली आणि घाटे मोजले. चौदा होते. सगळे हिरवे.

"उगवेल?" मी विचारले.

"कोवळं आहे. बघू." त्याने डहाळी रुमालात गुंडाळली.

"नानांना सांगणार?"

"काय सांगू? त्यांनी नियम पाळलाय. दोन्ही. चूक झाली असेल तर ती मी झाड लपवलं ही." थोडे चालल्यावर तो म्हणाला, "त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. एवढी वर्षं पाटी सांभाळली त्या माणसानं. त्याला सांगून झाड परत येणार आहे का?"

शेडजवळ नाना विस्तवावर पाणी ओतत होते.

"काढा का फोटो?"

"काढला, नाना."

"नि हुया कसा लागना?"

"गोड होता," सहायक म्हणाला.

"गोडच राही. एकलं झाड व्हतं. बठ्ठं पानी त्यानंच पेयेल."

पुढच्या गुरुवारी माझा मजकूर छापून आला. नव्या वाणाची माहिती, पेरणीचा काळ, बियाणे कुठे मिळेल, अधिकाऱ्यांचे म्हणणे. फोटोही होता. त्यात तुरीची काडी दिसत होती, ती काय आहे हे मला आणि एकाच वाचकाला माहीत होते. मजकुरात चुकीचे काही नव्हते. अधिकाऱ्यांचे आभाराचे पत्र आले.

पुढच्या हंगामात मी पुन्हा त्या शेतावर गेलो. पानासाठी काही नव्हते. सुट्टी काढून गेलो. सहायकाने सगळे क्रमाने सांगितले. चौदा घाट्यांतून एकोणीस दाणे निघाले होते, वाळल्यावर सुरकुतलेले. त्याने सगळे पेरले. नऊ उगवले. महिन्याभरात पाच गेले, नंतर आणखी दोन. मी गेलो तेव्हा दोन झाडे उभी होती, वीतभर उंच, किरकोळ. या वेळी प्रत्येकासमोर पाटी होती. पांढरी, तिच्यावर आकडा नव्हता.

"रजिस्टरला अजून घेतलेलं नाही," तो म्हणाला. "पण पाटी लावली. कोरी का होईना."

नाना लांबून आले. कोऱ्या पाट्यांना त्यांनी पुरेसे अंतर ठेवून वळसा घातला आणि पाहुण्यासाठी काय करू म्हणून विचारले.

"नाना, आज माझ्या घरून डबा आलाय," सहायक म्हणाला.

"मंग मी काय करू? पाहुनाना तोंडकडे देखू?"

"तुम्हीही बसा जेवायला."

डब्यात भाकरी आणि पिठले होते. पिठले नव्या वाणाचे आहे, कसे झाले ते खरे सांगा, असे सहायक म्हणाला. मला काही फरक कळला नाही. मी तसे सांगितले.

"तुम्ही जळगावचे," तो म्हणाला.

नानांनी भाकरी पिठल्यात कुस्करली, बराच वेळ चघळली आणि निकाल दिला. "पोट भरस. इतलंच."

फेब्रुवारीत पोस्टकार्ड आले. वर्तमानपत्राच्या पत्त्यावर, निळ्या शाईत, रजिस्टर भरावे तशा अक्षरात. "दोन्ही झाडे गेली. एक अमावास्येला, दुसरे चार दिवसांनी. खोड मुळाजवळ उभे चिरून पाहिले, आत काळी रेघ होती. म्हणजे मागचे झाड निसटलेलेच असावे. आपण मनाला लावून घेऊ नये. बी कोवळे होते, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही, हेही खरे आहे."

कार्ड मी फाइलला लावले नाही. मागचे झाड निसटलेले असावे, हे वाक्य वाचून मला हलके वाटले होते आणि शेवटचे वाचून ते गेले. दोन्ही वाक्ये त्याने एकाच कार्डावर लिहिली, कारण दोन्ही खरी होती. बातमीत मी असे करत नसे. दोन्हींतले एक निवडून शीर्षक करत असे.

त्यानंतरच्या जानेवारीच्या अखेरीस नाना निवृत्त झाले. मला निमंत्रण होते. शेडपुढे सतरंजी अंथरली होती. अधिकाऱ्यांनी भाषण केले. नानांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. बायांनी त्यांना बोलायचा आग्रह केला. एक म्हणाली, "बोला ना नाना, बठ्ठं आयुष्य आमनावर बोलनात, आज का मुक्का व्हयनात?"

नाना उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"माले भाषन येत नही. आठे उनू तवय माले दोन गोष्टी सांग्यात. त्या मी पाळ्यात. पाटीना झाडले मी कधी हात लावा नही. इतलंच."

टाळ्या वाजल्या. सहायक माझ्या शेजारी बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. आवाज थांबल्यावर तो बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "खरं शे, नाना."

चहा झाल्यावर नानांना शेतावरून शेवटची फेरी मारायची होती. आम्ही दोघे त्यांच्याबरोबर गेलो. मागच्या वाफ्यात साक्षीच्या ओळी वाळून गेल्या होत्या. तिसऱ्या ओळीत एक झाड हिरवे होते. त्याच्यासमोर पाटी होती आणि या वेळी पाटीवर काळा आकडा होता.

"रजिस्टरला घेतलंय," सहायक मला म्हणाला. "पहिल्याच दिवशी. साहेबांना बोलावून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, निसटलेलं असेल. मी म्हटलं, असेल. पण वाळेपर्यंत उभं राहू द्या. म्हणाले, बघू."

"आणि आबा?"

"आहेत. विचारतात अधूनमधून."

त्या झाडाचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. उन्हाळ्यात माझ्याकडचे शेतीचे पान दुसऱ्याकडे गेले. मला जिल्ह्याच्या बातम्या दिल्या. त्यानंतर पोस्टकार्ड आले नाही, मीही लिहिले नाही.

नाना त्या झाडापाशी थोडे थांबले होते. पाटी एका बाजूला कलली होती. त्यांनी वाकून ती सरळ केली, बुडाशी माती दाबली, आणि झाडाला धक्का लागू नये म्हणून धोतराचा सोगा हाताने आवरून बाजूने निघून गेले.